५० आणि १०: पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकच्या मर्यादेचा इतिहास

आज आपण पिण्याच्या पाण्याच्या कायद्यातला एकच पदार्थ घेऊ: आर्सेनिक. ज्याच्या एका रूपाला आपल्याकडे सोमल म्हणतात, तेच हे. पाण्यात ते किती चालेल, असं कुणालाही विचारलं तर उत्तर येईल, ‘अजिबात नको.’ कायदा मात्र तसं म्हणत नाही. तो एक आकडा देतो. हा आकडा कसा ठरला, ते बघू.

गोष्ट सुरू होते बिअरपासून. १९०० साली इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि आसपासच्या भागात सहा हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, त्यातली किमान ७० दगावली. बिअरसाठी वापरलेली साखर तयार करताना जे गंधकाम्ल घेतलं होतं, त्यात आर्सेनिक होतं. लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. पेयांसाठी त्याने मर्यादा सुचवली: एका गॅलनला ग्रेनचा शंभरावा भाग. आजच्या मापात लिटरला सुमारे १४० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. पुढचे सगळे आकडे लिटरमागे याच मापात आहेत.

आता अमेरिकेकडे जाऊ. तिथे पाण्याचे पहिले केंद्रीय निकष १९१४ साली आले, आणि तेही फक्त राज्याराज्यांमधून जाणाऱ्या रेल्वे-बोटींवरच्या पाण्यासाठी. कारण साधं होतं. गावाचा पाणीपुरवठा केंद्राच्या अखत्यारीत नव्हता, आंतरराज्य वाहतूक होती. तेव्हा भीती होती ती जंतूंची. आर्सेनिकची मर्यादा १९४२ साली आली: ५०.

१९६२ साली हे निकष बदलले तेव्हा त्यात दोन आकडे आले. ५० च्या वर आर्सेनिक असेल तर पाणी नाकारायचं. आणि दुसरी, अधिक चांगली सोय उपलब्ध असेल, तर १० च्या वरचं पाणीही वापरू नये. ही ‘दुसरी सोय असेल तर’ची अट लक्षात ठेवा. आजच्या विषयाचं मर्म तिच्यात आहे.

१९६८ साली तैवानचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैऋत्य तैवानमध्ये खोल विहिरींचं पाणी पिणारी चाळीस हजारांवर माणसं तपासली होती. पाण्यात आर्सेनिक जितकं जास्त, तितका त्वचेचा कर्करोग जास्त, असं दिसलं. पुढच्या अभ्यासांत मूत्राशय आणि फुप्फुसाचा कर्करोगही पुढे आला. १९७४ साली अमेरिकेत सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी कायदा झाला, पण आकडा राहिला ५०च. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली १० सुचवला, आणि तोही तात्पुरता म्हणून, कारण त्याहून कमी आर्सेनिक मोजणं आणि काढून टाकणं अवघड होतं.

अमेरिकेत २००० साली ५ चा प्रस्ताव आला. खर्चाचा हिशेब झाला, कारण १९९६ च्या दुरुस्तीने तसा हिशेब करायला सांगितलं होतं. छोट्या गावांना शुद्धीकरण यंत्रणा परवडेना, कारण खर्च वाटून घ्यायला घरंच थोडी. जानेवारी २००१ मध्ये १० जाहीर झाला. सरकार बदललं, मार्चमध्ये तो मागे घेण्याची घोषणा झाली. बराच गदारोळ झाला आणि ऑक्टोबरमध्ये १० वरच शिक्कामोर्तब झालं. अंमल २००६ पासून. म्हणजे १९६२ साली कागदावर आलेला आकडा नळापर्यंत पोचायला ४४ वर्षं लागली! आणि त्याच नियमात आरोग्याचं ध्येय म्हणून शून्यच लिहिलंय.

आता बांगलादेश. तळ्यांचं आणि नद्यांचं दूषित पाणी पिऊन मुलं मरत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे हातपंप मोठ्या प्रमाणावर बसवले गेले. हेतू चांगला होता. पण पाण्यात आर्सेनिक आहे का, हे बघितलं गेलं नाही. १९९३ साली ते आढळलं. १९९८-९९ च्या पाहणीतून अंदाज निघाला की ५० च्या वरचं पाणी साडेतीन कोटी लोक पितात आणि १० च्या वरचं ५ कोटी ७० लाख. मधल्या फरकाचा हिशेब करा: दोन कोटी वीस लाख माणसं. देशाची मर्यादा ५० होती, ती तशीच ठेवली गेली. पंप तपासून रंगवले, ५० च्या वर लाल, खाली हिरवा. ३० आर्सेनिक असलेला पंप तिथे हिरवा. तेच पाणी आज अमेरिकेत नळाने दिलं, तर नियमभंग.

मग बांगलादेशाने १० का केलं नाही? लाल पंप वाढले असते, आणि त्या घरांना जवळ पाणी कुठलं? पुन्हा तळ्याचं. ही अडचण खरी आहे. पण हिरवा रंग बघून माणूस समजतो की पाणी निर्धोक आहे. तो रंग प्रत्यक्षात एवढंच सांगत असतो की याहून बरं पाणी सध्या देता येत नाही.

आपल्याकडेही २०१२ च्या भारतीय मानकात मुळात आर्सेनिकसाठी दोन रकाने होते. स्वीकारार्ह मर्यादा १० होती, आणि पर्यायी स्रोत नसेल तर ५०. अमेरिकेची १९६२ ची अट पन्नास वर्षांनी आपल्या कागदावर! शरीराला मात्र पर्याय होता की नव्हता हे कळत नाही. म्हणून पाण्याच्या अहवालात ‘मर्यादेच्या आत’ असं वाचलं, की आपण दोन प्रश्न विचारायचे. कुठल्या रकान्याच्या आत? आणि पर्याय नाही, हे कुणी आणि कधी तपासलं?