ब्यूकासलच्या क्रूसावरील रूनलेख

इंग्लंडच्या उत्तर सीमेनजीक कंब्रियात ब्यूकासल नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील सेंट कथबर्टच्या चर्चच्या आवारात सुमारे साडेचौदा फूट उंचीचा एक दगडी स्तंभ उभा आहे. मूळचा तो क्रूस होय. त्याचा शिरोभाग मात्र आज नाही. पश्चिमेस ख्रिस्ताची मूर्ती, पूर्वेस पशुपक्ष्यांना अंगावर खेळविणारी द्राक्षवेल, दक्षिणेस छायाघड्याळ असे त्याचे शिल्प आहे. त्यावर रून लिपीत लेखही कोरलेले असून प्रस्तुत टिपणाचा विषय त्या लेखांचे वाचन हा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील धर्मगुरू जॉन मॉन यांनी स्तंभ स्वच्छ करून हे लेख वाचले. पश्चिमेकडील मोठ्या लेखात त्यांना नॉर्थम्ब्रियाच्या ओस्वियू राजाचा पुत्र अल्खफ्रिथ याचे नाव दिसले. अन्यत्र एग्फ्रिथ राजाच्या पहिल्या वर्षाचा निर्देशही आढळला. एग्फ्रिथ इ. स. ६७० मध्ये गादीवर आला. म्हणजे स्मारक कोणाचे व ते केव्हा उभारले, हे दोन्ही प्रश्न एकदमच सुटले! उत्तर बाजूस ‘क्यूनेबुर्ह’ हे नाव आहेच. आणि बीडच्या इतिहासग्रंथानुसार अल्खफ्रिथची पत्नी, पेंडा राजाची कन्या, याच नावाची होती. तेव्हा शंकेस जागा उरली नाही असे अनेकांस वाटले.

वास्तविक शंकेचे स्थान तेच होते. ‘क्यूने’ म्हणजे राजवंशीय व ‘बुर्ह’ म्हणजे दुर्ग. हे घटक अँग्लो-सॅक्सन विशेषनामांत वारंवार येतात. तेवढ्यावरून ती पेंडाचीच कन्या ठरत नाही. झिजलेले शिलालेख तिरप्या उन्हात वाचण्याचा यत्न ज्यांनी केला आहे, त्यांस ठाऊक असेल की अपेक्षित अक्षर डोळ्यांस आधी दिसते. रेमंड पेज यांनी १९६० साली या वाचनांची कठोर चिकित्सा केली आणि त्यांचा पाया किती डळमळीत आहे हे दाखविले. स्तंभाचा काळ आज सामान्यतः आठव्या शतकाच्या पूर्वार्धात मानतात, तो मुख्यतः शिल्पशैलीवरून.

भाषेच्या अभ्यासकास याची झळ अधिक लागते. संशयित वाचनातील रूपे नॉर्थम्ब्रियन बोलीचे प्राचीन नमुने म्हणून घ्यावयाची, आणि त्याच प्राचीनतेच्या बळावर वाचनाचे समर्थन करावयाचे, हा उघड अन्योन्याश्रय होय. दगडावरील अक्षरे व संपादकाने पुरविलेली अक्षरे निराळी केली, म्हणजे ख्रिस्ताचे नाव आणि उत्तरेकडील ते एक स्त्रीनाम यांपलीकडे निश्चित असे फारच थोडे हाती राहते.