गळती कुठून?

तंजावरच्या पोस्टिंगमध्ये एका रविवारी मनोरा पाहायला गेलो. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून सरफोजी राजे (दुसरे) यांनी 1814 च्या सुमारास समुद्रकाठी बांधलेला हा आठ मजली षट्कोनी बुरूज.

खाली किनाऱ्यावर एक लहान शिडाची होडी, तळात पाणी. एनडीएत शिकलेलं आठवलं: तळ पुसा, कोरडा करा, ओल पहिली कुठे दिसते तिथे खडूने खूण करा. नावाड्याने फक्त बोट बुडवून जिभेला लावलं. "उप्पु इल्लै." मीठ नाही, म्हणजे पावसाचं पाणी. खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात ही युक्ती सुचणार कशी?

सरफोजींच्या काळी याच चोळमंडल किनाऱ्यावर, उत्तरेला मद्रासला, बंदर नव्हतं. जहाजं लांब नांगरत; माणसं आणि माल लाटांतून आणी ती मसुला होडी. तिच्या फळ्यांना खिळे नसत, त्या काथ्याने शिवलेल्या. शिवणीतून पाणी झिरपे, म्हणून आत ते उपसायला माणूस लागे. पण खिळ्यांची ताठ होडी त्या लाटांत फुटायची; ही वाकायची आणि तगायची.

गळती कुठून, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती बुजवली असती, तर माणसं बुडाली असती.