बाप्तिस्म्याचा झगा

कॅलिफोर्नियातल्या डब्लिनला सेंट रेमंडचं जुनं लाकडी चर्च आहे, १८५९ सालचं. १८५०च्या सुमारास तिथे जमिनी घेऊन राहिलेले मायकल मरे आणि जेरेमाया फॅलन आयरिश होते. वस्तीला डब्लिन म्हणू लागले ते अशा आयरिश कुटुंबांमुळेच. आता त्या भागात मराठीही कानावर पडतं. आयरिश घरांत एक जुनी रीत आहे. लग्नात नवरीच्या हाती असलेला रुमाल जपून ठेवायचा आणि पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला त्याचं टोपडं शिवायचं. टोपड्याबरोबरचा झगा पांढरा असतो आणि बाळाच्या पायांच्या कितीतरी खाली लोंबतो. आपली कुंची ऊब देण्यासाठी असते, या झग्याचं तसं काही नाही. मुळात तो बाळाचा नव्हताच.

पहिल्या काही शतकांत बाप्तिस्मा घेणारी बरीच माणसं मोठी, जाणती असत. ईस्टरच्या आदल्या रात्री ती कुंडापाशी येत आणि अंगावरचे सगळे कपडे उतरवत. काही ठिकाणी त्याआधी बकरीच्या केसांच्या खरखरीत गोणपाटावर अनवाणी उभं राहावं लागे. पाण्यातून बाहेर आलं की त्यांच्या अंगावर पांढरं वस्त्र चढवत, आणि ते पुढच्या रविवारपर्यंत वापरायचं. कपडे उतरवणं म्हणजे जुना माणूस त्याच्या कृत्यांसकट उतरवून टाकणं, असं चौथ्या शतकात जेरुसलेमचा बिशप सिरिल नवदीक्षितांना सांगत असे. मूळ विचार प्रेषित पौलाचा. बाप्तिस्मा झालेल्यांनी ख्रिस्तालाच परिधान केलं आहे, असं त्याने गलतीकरांना लिहिलं होतं. त्याने उपमा दिली, चर्चने शिंपी बोलावला.

पौलाच्याही मागे बायबलमधला कपड्यांचा मोठा पसारा आहे. उत्पत्तीत आदाम आणि हव्वा अंजिराची पानं स्वतःच शिवून अंगाभोवती गुंडाळतात. पुढे शिक्षा सुनावून झाल्यावर, बागेबाहेर काढण्याआधी, देव त्यांना चामड्याचे अंगरखे करून घालतो. हाकलायचंय, पण उघडं हाकलायचं नाही. सबंध बायबलातला हा मला सर्वांत विलक्षण प्रसंग वाटतो. इथून पुढे बहुतेक वेळा हेच दिसतं: मोलाचं वस्त्र माणूस कमावत नाही, ते कुणीतरी त्याला घालतं. याकोब योसेफाला पायघोळ झगा देतो. भाऊ तो बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाकडे पाठवतात. अहरोनाच्या याजकवस्त्रांचं वर्णन निर्गममध्ये एखाद्या कारागिराने लिहावं इतक्या बारकाईने येतं. ऊरपटावर बारा वंशांची बारा रत्नं, झग्याच्या घेराला डाळिंबं आणि सोन्याची घुंगरं. जखऱ्याच्या दृष्टान्तात प्रमुख याजक यहोशवा मळक्या कपड्यांत उभा असतो, आणि ते उतरवून त्याला उंची वस्त्रं घालण्याची आज्ञा होते. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राला बाप उत्तम झगा घालायला लावतो, पैशांचा हिशेब न विचारता. मत्तयात मात्र लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या पाहुण्याला हातपाय बांधून बाहेरच्या अंधारात टाकतात. रस्त्यावरून गोळा करून आणलेल्या माणसाने पोशाख आणायचा कुठून, या प्रश्नाने भाष्यकारांना फार छळलं आहे.

वधस्तंभापाशी शिपाई येशूचे कपडे वाटून घेतात आणि बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. ज्याला परिधान करायचं, तोच तिथे उघडा. प्रकटीकरणात शुभ्र झग्यांतला अफाट समुदाय येतो, आणि ते झगे धुतलेले असतात कोकऱ्याच्या रक्तात. परटाला हे पटणार नाही, पण बाप्तिस्म्याच्या झग्याचं पांढरं आलं ते याच कुळातून.

लहान मुलांचा बाप्तिस्मा सर्रास होऊ लागला तसा झगा पाळण्यात आला. नवरीच्या पांढऱ्या गाऊनचं कूळ मात्र वेगळं. व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये पांढऱ्या पोशाखात लग्न केलं आणि तिच्यामुळे ती चाल पसरली. १८४१ मध्ये तिने थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी होनिटन लेसचा झगा करवला, तोही पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिला. गाऊनचं मूळ शास्त्रात शोधणाऱ्यांनी १८४० हे साल ध्यानात ठेवावं.

मराठी-कोकणी मुलखात कपड्यांचा हा धर्म बराच वाकडातिकडा आला. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, मराठी ओव्यांत. भाषेला मिळालेली ही मोकळीक अंगावरच्या कापडाला मिळाली नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६च्या फर्मानात ख्रिस्ती पुरुषांना पुडवें, म्हणजे धोतर, नेसायची आणि बायकांना चोळी घालायची बंदी केली. ख्रिस्ताला परिधान करायचं ते युरोपी कापडात, असा त्याचा अर्थ झाला.

पंडिता रमाबाईंनी हा अर्थ मानला नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण विधवेला तेव्हा लाल आलवण असे. रमाबाई पांढऱ्या साडीत वावरत. ख्रिस्ती झाल्यावर आणि १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्यावरही त्यांनी साडी सोडली नाही. तिथल्या सभांतून त्या बोलल्या त्या याच वेशात. नारायण वामन टिळक आणखी पुढे गेले. १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये अमेरिकन मिशनचं काम सोडलं, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला आणि भगवी वस्त्रं घेतली. मिशनऱ्यांच्या काळ्या कोटांच्या देशात ख्रिस्ताचा संन्यासी भगव्यात! पौलाला हे कदाचित सर्वांत लवकर उमगलं असतं.

बायकांनी वाद न घालता आपलं जपलं. वसईत सामवेदी ख्रिस्ती बायकांचं लाल लुगडं टिकलं. गोव्यात नवरी चर्चमध्ये पांढऱ्या गाऊनमध्ये जाते, पण तिचा साडो, म्हणजे लाल किंवा गुलाबी पोशाख, वेगळा शिवतात. त्यासाठी शिंपी घरी येतो, शेजारपाजारच्या बाया जमतात, शिवायला सुरुवात झाली की फटाके वाजतात, आणि लग्न लागल्यावर गाऊन उतरवून ती साडो घालते.