हे महाभारतात नाही!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भाच्याचं.

दिवाळीत तो गावी आला होता. (गाव म्हणजे मालवणजवळचं आमचं गाव, घरच्या मंडळींना सांगायला नकोच.) पडवीत बसून फोनवर मित्राशी तावातावाने भांडत होता. मला वाटलं, क्रिकेट असेल. पण विषय निघाला 'स्टार वॉर्स'. मित्राने कुठल्याशा कादंबरीतला प्रसंग पुरावा म्हणून दिला होता आणि आमचे चिरंजीव ओरडत होते, "अरे, ते कॅनन नाहीये! ते धरायचंच नाही!"

फोन ठेवल्यावर त्याने मला समजावून सांगितलं. पहिला सिनेमा आला 1977 साली. त्यानंतर त्या विश्वावर ढिगाने कादंबऱ्या आणि कॉमिक्स निघाली. 2012 मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली आणि 2014 च्या एप्रिलमध्ये कंपनीने जाहीर केलं की सिनेमे आणि मोजक्या मालिका तेवढ्या खऱ्या, आधीच्या कादंबऱ्या-कॉमिक्स या फक्त 'दंतकथा'. म्हणजे छापत राहू, पण घडलं असं मानणार नाही. ज्यांचं बालपण त्या पुस्तकांत गेलं होतं ते चाहते भयंकर चिडले.

मी हसलो. भाच्याला वाटलं, मामा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. मला माझंच एक वाक्य आठवलं होतं... "हे महाभारतात नाही!"

आधी थोडा इतिहास सांगतो.

'कॅनन' हा शब्द मुळात चर्चचा. बायबलमध्ये कोणते ग्रंथ धरायचे आणि कोणते नाहीत याची ती यादी. गोष्टींच्या चाहत्यांनी तो उचलला शेरलॉक होम्सपासून. 1911 साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या विद्वानाने ऑक्सफर्डमध्ये एक निबंध वाचला. बायबलचे पंडित जशी चिरफाड करतात तशीच त्याने होम्सच्या कथांची केली, गंमत म्हणून. वाचणाऱ्यांनी मात्र ती गंमत गंभीरपणे घेतली आणि आजही कॉनन डॉयलच्या 4 कादंबऱ्या आणि 56 कथा एवढंच 'खरं' मानतात.

आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे. प्रक्षिप्त. म्हणजे मागाहून कोणीतरी आत घातलेलं. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच काळजीने, आणि पुढे कोणी यात आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. त्यानंतरचा सगळ्यात मोठा उद्योग पुण्यात झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या संशोधित आवृत्तीचं काम हातात घेतलं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी पैशाचं बळ दिलं. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. 1943 मध्ये ते गेले, मग बेलवलकर, मग प. ल. वैद्य. काम संपलं 1966 साली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत 1259 हस्तलिखितं धुंडाळली गेली. हिशेब असा की एकमेकींशी संबंध नसलेल्या दूरदूरच्या प्रतींमध्ये जो श्लोक सारखा सापडेल तो जुना, आणि एकाच भागातल्या प्रतींत असेल तो बहुधा मागाहूनचा.

आणि काय काय बाहेर गेलं! व्यासांचा लेखनिक झालेला गणपती परिशिष्टात गेला. स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' म्हणणारी द्रौपदी गेली. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे वाक्य तर तिच्या तोंडी नाहीच. सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केलं. त्याच्या पाठात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करत नाही. वस्त्रं येत राहतात, कोण पुरवतंय ते सांगितलेलं नाही.

हे सगळं मला कॉलेजात पुण्याला असताना कळलं. अर्धवट कळलं म्हणा. आणि ते डोक्यात घेऊन मी सुट्टीला गावी आलो आणि तात्यांबरोबर (वडलांचे मोठे भाऊ) जत्रेत धयकाल्याला गेलो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, धयकालो म्हणजे दशावतार. दिवाळी सरली, भात घरात आलं की आमच्याकडे गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावतार उभा राहतो. आधी आडदशावतार. गणपती, ऋद्धी-सिद्धी, भटजी, शारदा, ब्रह्मदेव. मग काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबणारा संकासूर मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो. या संकासुराने वेद पळवलेले असतात. विष्णू त्याला मारून ते परत आणतो. त्यानंतर आख्यान, पार उजाडेपर्यंत, आणि शेवटी दहीहंडी. सामान म्हणजे पायपेटी, मृदंग, झांज आणि एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पलंग. आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. कथा कोणती आणि प्रवेश कसे एवढं आधी ठरतं, बाकीचे संवाद नट उभ्या उभ्या रचतो. वेद परत आणून झाल्यावर रात्रभर पुस्तकाशिवाय! हे माझ्या आत्ता, लिहिताना लक्षात आलं.

त्या रात्रीच्या आख्यानात युद्ध संपल्यावर कर्णाची बायको द्रौपदीला भेटायला येते. दोन्ही बायका अर्थात पुरुषच. कर्णाची बायको झालेला नट इतका सुंदर बोलत होता की आजूबाजूच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. आणि मी तात्यांच्या कानाशी लागलो, "हे महाभारतात नाही." मग पुन्हा. मग भांडारकर, काश्मीर, केरळ, सगळं. पुढे बसलेल्या एका म्हातारबुवांनी वळून बघितलं तरी मी थांबलो नाही.

तात्या रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझ्या पुस्तकात नसात रे झिला. पण कर्णाची बायको रडली नसात, असां तुका वाटता?"

मला उत्तर सुचलं नाही, त्याचा राग आला, आणि झोप येतेय असं सांगून मी तीनच्या सुमारास घरी निघून आलो.

पुढे बऱ्याच वर्षांनी संशोधित आवृत्तीचे खंड मी प्रत्यक्ष उघडून बघितले आणि खजील झालो. पानावर वरच्या भागात स्वीकारलेला पाठ. जिथे संपादकाला खात्री नाही तिथे खाली नागमोडी रेघ. आणि त्याच्याखाली, बारीक टायपात, नाकारलेलं सगळं. कुठल्या प्रतीत कोणता वेगळा शब्द, कोणती जादा ओळ, सगळं तारांकित करून नोंदलेलं. मोठे प्रसंग परिशिष्टात. कृष्णाचा धावा तिथे आहे. गणपतीही आहे. मी समजत होतो की पंडितांनी कचरा काढला. प्रत्यक्षात त्यांनी एक ओळसुद्धा फेकली नव्हती. 'प्रक्षिप्त' म्हणून जितक्या काळजीने जपलं तितकं तर मूळ मानणाऱ्यांनीही जपलं नसेल.

आणि तात्या काही सगळंच चालवून घेणारे नव्हते बरं का. संकासूर घाईत उरकला की ते चिडत. हल्ली दिव्यांची आणि यंत्रांची करामत असलेले ट्रिकसीनचे दशावतार होतात. त्यावरून आमच्याकडे जे वाद होतात त्यापुढे भाच्याचा वाद काहीच नाही. तात्यांचं मत ठाम होतं, बाकड्याचा गरुड ज्याला करता येत नाही तो दशावतारी नव्हे. म्हणजे कॅनन त्यांचंही होतं. फक्त ते गोष्टीत काय घडलं याचं नव्हतं, गोष्ट कशी सांगावी आणि कोण कसं वागेल याचं होतं. कर्णाची बायको कुणालाही भेटू दे, पण ती कर्णाच्या बायकोसारखी बोलली पाहिजे.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "थ्रॉनचं तेच झालं." थ्रॉन हा 1991 च्या एका कादंबरीतला खलनायक. 2014 ला तोही दंतकथेत गेला. पण चाहते त्याला विसरले नाहीत आणि 2016 मध्ये कंपनीने त्याला एका मालिकेतून अधिकृतपणे परत आणलं. परत आणता आला, कारण तो छापलेला होता.

दशावताराला ही सोय नाही. नट थकला की त्याचे संवाद त्याच्याबरोबर जातात. त्या आख्यानाखाली रेघ मारून बारीक टायपात नोंद करायला त्या रात्री कोणी बसलं नव्हतं. जो एक शिकलेला बसला होता तो 'हे महाभारतात नाही' म्हणून उठून गेला.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना विचारायचं राहिलंच. कर्णाच्या बायकोने सगळं बोलून झाल्यावर विचारलं होतं, "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?" आणि द्रौपदी बराच वेळ गप्प उभी होती, नुसती झांज हळू वाजत होती. तिथेच मी उठलो.

वाडीतली मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे. त्या रात्री तुमच्यापैकी कोणी शेवटपर्यंत थांबलं होतं का? द्रौपदी काय म्हणाली, आठवत असेल तसं, अर्धंमुर्धं का होईना, मला कळवा. मी लिहून ठेवीन.