कमान बादशहाची, शिळा गावकऱ्याची

रोममध्ये टायटस बादशहाची दगडी कमान आहे. इ. स. ७० मध्ये त्याने जेरुसलेम जिंकले. ८१ मध्ये तो वारल्यावर ही कमान उभी राहिली. आतल्या एका बाजूस चौघोडी रथातला टायटस कोरला आहे, तर दुसऱ्या बाजूस देवळातून लुटलेला सात फाट्यांचा दिवा वाहणारे लोक. रणात पडलेल्यांना तिथे जागा नाही.

आता आपल्याकडचा वीरगळ पाहा. हेही उठावाचेच शिल्प. पण ते खालून वर वाचायचे. तळाशी पडलेला वीर. शेजारी गुरे असली, तर गुरे राखताना तो कामी आला असे समजावे. वर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीच्या एकसर येथील वीरगळांवर तर गलबतांची लढाई आहे. बादशहाने काय मिळवले ते कमान सांगते. गावाने कोण गमावला ते वीरगळ सांगतो.

आज असे दगड कुठे पायरीला, कुठे धुण्याला लागतात. आळंदी-चाकणकडच्या गुरुजींना एवढीच विनंती : आपल्या गावात असा दगड असेल, तर मुलांना तिथे नेऊन तो वाचून दाखवा. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. म्हणून तर तो माणूस आपण विसरता कामा नये.