काढून टाकलेली वाटी

टर्बो बसवलेल्या वेगवान गाड्यांचा इतिहास सहसा अश्वशक्तीच्या आकड्यांनी सांगितला जातो. कोणी किती हवा कोंबली, कोणाचं इंजिन किती दाब सोसून टिकलं, एवढ्यावर गोष्ट आटोपते. पेट्रोलचा उल्लेख आलाच तर पंपाच्या नि इंजेक्टरच्या आकारापुरता. पण टाकीत दहा लिटर पेट्रोल शिल्लक असताना, एका लांब वळणावर, ते पंपाच्या तोंडापासून वीतभर बाजूला सरकलं एवढ्याच कारणाने पिस्टनला भोक पडू शकतं. या दोषावर इलाज म्हणून आज डिकीत जी छोटी ‘सर्ज टँक’ बसवतात, ती कोण्या हौशी मेकॅनिकची नवी युक्ती समजली जाते. मला ती नवी वाटत नाही. इंधनाचा दाब वाढवण्याच्या ओघात कार्ब्युरेटरबरोबर जी वाटी आपण फेकून दिली, तीच झाकण लावून परत आणलेली आहे.

आधी दोष कसा उद्भवतो ते पाहू. भरलेली घागर हिंदकळत नाही, अर्धी हिंदकळते, हे पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गाडी वळणावर गुरुत्वाकर्षणाइतकाच आडवा जोर सोसत असेल, म्हणजे 1 जी, तर टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग थेट 45 अंशांनी कलतो. चांगल्या टायरांची स्पर्धेतली गाडी हा जोर सहज गाठते. टाकी पसरट आणि पाव भरलेली असेल तर सगळं पेट्रोल एका कोपऱ्यात चढतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत या क्षणाला सांभाळून घेणारं एक साधन होतं, ते म्हणजे इंजिनाला खेटून असलेलं फ्लोट चेंबर. पंपाने दोन-चार सेकंद दगा दिला तरी त्या वाटीतल्या पेट्रोलवर इंजिन चालत राही. वाटी नेमली होती पातळी राखायला, पण साठा जवळ ठेवण्याचं कामही ती न सांगता करत होती.

अर्थात वाटीची बाजू घेताना रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमानाच्या इंजिनाची गोष्ट टाळून चालणार नाही, कारण ती वाटीच्या विरोधातला सर्वांत मोठा पुरावा आहे. 1940 च्या ब्रिटनवरील हवाई लढाईत स्पिटफायर आणि हरिकेनचे वैमानिक नाक खाली दाबून सूर मारू लागले की मर्लिन इंजिन चाचरायचं. गुरुत्वाकर्षण जणू उलटं झाल्यामुळे फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल वर उडायचं आणि क्षणभर इंजिनाला इंधन मिळेनासं व्हायचं. पाठोपाठ पेट्रोल आत सोडणारी सुई सताड उघडी राहून चेंबर तुडुंब व्हायचं आणि जादा इंधनाने इंजिन गुदमरायचं. समोरच्या मेसरश्मिट 109 मधल्या डाइमलर-बेन्झ इंजिनात थेट इंजेक्शन होतं. त्याला हा त्रास नव्हता. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या बिअट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीने (ही बाई ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी 100 मैलांच्या वर मोटरसायकल पळवून सुवर्णतारा मिळवलेली होती) 1941 मध्ये इंधनाच्या नळीत एक छोटी चकती बसवली. चकतीचं भोक इतकंच, की इंजिनाला पूर्ण जोरात लागेल तेवढंच पेट्रोल आत जावं, चेंबर बुडवण्याइतकं नाही. उलटं उडायची सोय त्याने झाली नाही. ती पुढे दाबावर चालणाऱ्या कार्ब्युरेटरने झाली. पण वैमानिकांचा जीव मात्र त्या चकतीने भांड्यात पडला. इथे रोल्स-रॉइसला मूर्ख ठरवण्याचा मोह आवरावा. सुपरचार्जरच्या आधीच पेट्रोल मिसळलं की त्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड होते आणि शक्ती वाढते, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर होता. मर्लिनने खोटी पाडली ती उघडी, अर्धी भरलेली वाटी. साठा जवळ ठेवण्याची कल्पना त्याने खोटी पडत नाही.

मोटारीच्या जगाने मात्र वाटीच काढून टाकली. बॉशचं डी-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांवर आलं, के-जेट्रॉनिक 1973 मध्ये. प्रदूषण, थंडीत चालू होणं, मोजमापाची अचूकता या सगळ्या बाबतींत इंजेक्शन सरस ठरलं, यात वाद नाही. पण आता टाकीपासून इंजेक्टरपर्यंत नुसती दाबाची नळी उरली. पंपाने हवेचा घोट घेतला की काही क्षणांत तो परिणाम इंजिनापर्यंत पोचणार. साधं इंजिन अशा वेळी खोकतं आणि सावरतं. टर्बोच्या इंजिनाचं तसं नाही. दाबून भरलेल्या गरम हवेत पेट्रोल कमी पडलं की ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटतं. नॉकिंग म्हणतात ते हेच. मिनिटाला 6000 फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला 50 वेळा पेटतो. अर्ध्या सेकंदाची तूट म्हणजे 25 घाव, आणि ते झेलायला ॲल्युमिनियमचा पिस्टन. कारखानदारांना या धोक्याची कल्पना पहिल्यापासून होती. 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये नॉकिंग रोखायला पाणी आणि मिथेनॉलचा फवारा होता. त्याची बाटली रिकामी झाली तर टर्बोचा दाब आपोआप उतरवणारी झडपही होती. बाटली संपण्याची काळजी घेणाऱ्यांच्या हातून टाकी हिंदकळण्याची काळजी मात्र बराच काळ सुटली, कारण रस्त्यावरची गाडी तेवढ्या जोराने वळतच नव्हती.

शर्यतीच्या जगात उत्तराचा अर्धा भाग भलत्याच वाटेने आला. 1964 च्या इंडियानापोलिस शर्यतीत पेट्रोलच्या भडक्यात एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनल्ड हे दोन चालक गेले. त्यानंतर रबरी पिशवीच्या आणि आत स्पंजसारखा फोम भरलेल्या टाक्या रुळल्या. उद्देश आगीचा होता, पण त्या फोमने पेट्रोलचं हिंदकळणंही मंदावलं. पुढे 1977 मध्ये रेनोने सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला. काही वर्षांतच ही दीड लिटरची इंजिनं हजार अश्वशक्तीकडे झेपावली, आणि तेव्हा नियमांनी टाकीलाच लगाम घातला. 1984 मध्ये 220 लिटर, 1986 मध्ये 195, 1988 मध्ये अवघे 150. शर्यतीच्या मध्ये पेट्रोल भरायला बंदी. 1985 च्या इमोला शर्यतीत आघाडीवरचा चालक सेना इंधन संपून थांबला, त्याच्यामागून पुढे आलेला योहान्सनही तसाच थांबला. अशा हिशेबात तळातलं शेवटचं लिटरसुद्धा पंपाच्या तोंडाशी आणून देणारं भांडं ही चैन उरली नव्हती.

सर्ज टँकची रचना या सगळ्या अनुभवांतून समजून घ्यावी. मुख्य टाकीतला कमी दाबाचा पंप एका दोन लिटरच्या बंद भांड्यात पेट्रोल ओततो. जास्त दाबाचा पंप त्या भांड्याच्या तळातून ओढतो. इंजिनाकडून परतलेलं पेट्रोलही तिथेच येतं, आणि वर उरलेलं, हवेच्या बुडबुड्यांसकट, मुख्य टाकीत परत जातं. वळणावर पहिल्या पंपाने हवा गिळली तरी दुसऱ्याला ती कळत नाही. हिशेब करून पाहा. 300 अश्वशक्तीचं टर्बो इंजिन पूर्ण जोरात तासाला साधारण 110 लिटर, म्हणजे सेकंदाला 30 मिलिलिटर पितं. पाच सेकंदांच्या वळणाला दीडशे मिलिलिटर लागतात; दोन लिटर मिनिटभर पुरतात.

काही जण म्हणतात, मोठा पंप बसवा, संपलं. पण मोठा पंप हवाही तितक्याच जोमाने ओढतो, आणि पेट्रोलनेच थंड राहणारा तो कोरडा फिरला तर स्वतःही जळतो. टाकी कायम भरलेली ठेवा, हा सल्ला वजनाच्या आणि अंतराच्या हिशेबात टिकत नाही. तिसरी हरकत वजनदार आहे: हल्लीच्या गाड्यांत पंप टाकीतल्या एका छोट्या बादलीत उभा असतो, जेट पंप ती बादली भरत राहतो, मग वेगळ्या टाकीची गरज काय? रस्त्यावरच्या गाडीला बहुतेक वेळा खरंच नाही. मात्र ही बादली म्हणजे टाकीच्या पोटात शिरलेली वाटीच आहे. कारखान्याने ती मूळ इंजिनाच्या तहानेनुसार बेतलेली असते. शक्ती दुप्पट करून तीच बादली ठेवणाऱ्याने वळणावर तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. टर्बोचा दाब वाढवायला घेणाऱ्याने आधी पाव टाकीवर, लांब वळणात, इंधनाचा दाब मोजून घ्यावा. काटा थरथरला तर बाकीची यादी बाजूला ठेवून पहिलं ते दोन लिटरचं भांडं बसवावं.