दळी, राब आणि डोंगराची काळी माती

शहापूर-मुरबाडच्या बाजूला चैत्र-वैशाखात कोणी फिरला, तर त्याला खाचरांतून निळसर धूर उठताना दिसतो. मुंबईचा पाहुणा विचारतो, "वणवा लागला की काय?" आपला शेतकरी हसून सांगतो, "वणवा नाही हो, राब भाजतोय." या धुरामागे मोठा इतिहास आहे. धूर काढणाऱ्याला कोणी अडाणी म्हटलं, कोणी जंगलाचा शत्रू म्हटलं. यात खरं किती, ते आज मातीलाच विचारून पाहू.

आधी दळी म्हणजे काय ते पाहू. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली ही मंडळी डोंगरउतारावरचा एखादा तुकडा निवडत. झाडांच्या फांद्या छाटून उन्हात वाळवत आणि पावसाआधी जाळत. त्या राखेत पहिल्या वर्षी नागली, पुढे वरी, मग खुरासणी किंवा तूर. दोन-तीन पिकं निघाली, जमिनीचा कस उतरला आणि तण माजलं, की तो तुकडा सोडून दुसरीकडे जायचं. सोडलेल्या तुकड्यात बुंधे आणि मुळं शिल्लक असत. त्यांना धुमारे फुटत आणि काही वर्षांत रान पुन्हा उभं राही.

राब ही दळीची धाकटी बहीण. दळीत शेत फिरतं. राबात शेत जागेवर राहतं आणि रानाचा पाला शेतात येतो. भाताचं रोप जिथे करायचं, तिथे शेण, ऐनासारख्या झाडांची कवळं, पातेरा, गवत असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि सावकाश धुमसत ठेवायचं. भडका उडवायचा नाही. कवळं कुठून आणायची? वरकस जमिनीतून आणि गावच्या रानातून. म्हणजे खालच्या भाताच्या खाचराला वरच्या डोंगराचा आधार होता.

आता मातीकडे वळू. झाडाच्या वाळलेल्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग कर्ब असतो. पाला कुजतो, मुळं मरतात आणि त्यांचा काही कर्ब मातीत मुरतो. त्यालाच शेतकी खात्याची मंडळी सेंद्रिय कर्ब म्हणतात. माती काळी, भुसभुशीत आणि ओल धरणारी होते ती याच्याच जोरावर. पृथ्वीवरच्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात हवेतल्यापेक्षा कितीतरी जास्त कर्ब साठलेला आहे. त्यामुळे माती बिघडली तर हवाही बिघडते.

जाळलं की काय होतं? पाल्यातला बहुतेक कर्ब धूर होऊन हवेत जातो. राखेतला पालाश आणि चुना पिकाला लगेच मिळतो. थोडा कर्ब कोळशाच्या भुग्याच्या रूपानं मातीत राहतो आणि तो शेकडो वर्षंही टिकू शकतो. खरा तोटा मात्र त्यानंतर होतो. जमीन उघडी पडते, आपल्याकडचा मुसळधार पाऊस उतारावरची वरची माती धुऊन नेतो आणि उरलेल्यातला सेंद्रिय अंश उन्हानं लवकर झिजतो.

हे नुकसान भरून येतं का? येतं, पण त्याला वर्षं लागतात. समजा, एका कुटुंबाकडे डोंगराचे बारा तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा तीन वर्षं कसून बाकीची वर्षं पडीत ठेवला आहे. तेवढ्या काळात पाला पडतो, मुळं पसरतात आणि माती पुन्हा काळी होते. आता त्याच कुटुंबाच्या हाती चारच तुकडे उरले तर? विसावा संपायच्या आधीच कुऱ्हाड आणि आग परत येणार. कर्ब जमा होण्याआधीच खर्च होणार. हा आगीचा दोष, की तुकडे कमी झाल्याचा?

तुकडे कमी कसे झाले, ते इतिहास सांगतो. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८६५ साली थळ घाट चढून ती इगतपुरीला गेली. रुळांखालचे स्लीपर, मुंबईच्या इमारती, चुलीचं सरपण, या साऱ्यांसाठी लाकूड हवं होतं. १८७८ साली जंगलचा कायदा आला. रानं राखीव झाली आणि दळीवर बंधनं आली. कवळ तोडणं हा गुन्हा ठरू लागला. ठाणे-कुलाब्यातल्या रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ साली मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ साली निघाला. राबासाठी कवळं मिळणं हा त्या तक्रारींतला एक मोठा भाग होता.

साहेबलोकांना राब म्हणजे नुसती नासाडी वाटे. चांगलं शेणखत जाळायचं म्हणजे काय! पण पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा कसून अभ्यास केला. त्यांचा प्रबंध १९१२ साली प्रसिद्ध झाला. राबाचा गुण नुसत्या राखेत नाही, मातीला बसणाऱ्या आचेतही आहे, असं त्यांना आढळलं. शिवाय तणाचं बी मरतं, हे तर कोणीही शेतकरी सांगेल. अडाणी म्हटलेल्या माणसाच्या हाताला कारण ठाऊक नसलं, तरी गुण ठाऊक होता.

म्हणून राब अमृत झाला असं नव्हे. रान विरळ झालं, माणसं वाढली, कवळांसाठी झाडं बोडकी होऊ लागली. डोंगराचा पाला दर साल खाली आणून जाळला, तर डोंगराच्या मातीत कर्ब यायचा कुठून? जुना हिशोब रान मोठं असताना जमत होता, आज तो जमत नाही.

मग करायचं काय? कोकणात चारसूत्री भातलागवड रुजली. तिच्यात भाताचा पेंढा आणि तुसाची राख जमिनीला परत दिली जाते आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडला जातो. नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत तर नांगरणी-चिखलणीच टाळतात आणि पिकाची मुळं जमिनीतच राहू देतात. जळून जाणारा कर्ब मातीत ठेवायचा, हे दोन्हींचं मर्म.

दळीवाल्यांचा प्रश्न मात्र मातीपुरता नाही. २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि कसत्या जमिनीवरचा हक्क मागायची वाट खुली झाली. उद्या ही जमीन आपली राहील अशी खात्री असेल, तरच माणूस तिच्यावर बांध घालतो, झाड लावतो. दर पावसाळ्यात हुसकावलं जाण्याची भीती असलेला माणूस मातीचा पुढचा विचार कसा करील?

शिक्षकमंडळींना एक सुचवणं आहे. पोरांना घेऊन शाळेमागच्या टेकडीवर जा. रानातली मूठभर माती घ्या आणि उघड्या उतारावरची मूठभर घ्या. दोन्ही ओल्या करून शेजारी ठेवा. रंग पाहू द्या, वास घेऊ द्या. मग मुलांना सांगा, ज्यांच्या आजोबांनी दळी केली, त्यांनी रान खाल्लं नाही. त्यांचं रान आधी लहान करण्यात आलं. आणि हेही सांगा, की जी काळी माती आज उरली आहे, ती राखण्याची पाळी आता आपली आहे.